गनर्सची चढण

त्या जानेवारीत, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यात, मर्व्ह पेंगिलीची लोकर कातरायची शेड जळाली आणि शेडमागे साखळीला बांधलेली त्याची तीन कुत्री जळाली. शेड जुनाट होती, ती आज ना उद्या पडणारच होती. कुत्र्यांचं तसं नव्हतं. यारविला गावच्या पंचक्रोशीत मेंढ्या वळवणारी तशी कुत्री दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि मर्व्हला बायको गेल्यापासून घरात बोलायला तेवढीच होती.

आग लागली तेव्हा मर्व्ह लांबच्या कुरणात मेंढ्या हाकत होता. तिथूनच त्याने नोस्क्यांकडे फोन केला, कारण त्याच्या टेकडीखालचं पहिलं शेत नोस्क्यांचं. ग्लेनिस नोस्के आणि तिचा धाकटा भाऊ लेस्टर दोघंच ते शेत बघत. उन्हाळाभर त्यांच्या पिकअपवर पाण्याची टाकी आणि पंप चढवलेला असे. इकडे सगळेच तसं ठेवतात, गावातल्या बंबाच्या भरवशावर कुणी राहत नाही. लेस्टर स्टिअरिंगवर बसला, ग्लेनिस मागे टाकीला पाठ लावून नळी धरून उभी राहिली, आणि दोघं मर्व्हकडे जाणाऱ्या गनर्सच्या चढणीला लागले.

उत्तरेचा वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता. चढण अर्धी झाली आणि गाडी दमली. इंजिन कण्हायला लागलं, वेग माणसाच्या चालीवर आला, मग तोही गेला. लेस्टरने खाली घेऊन पुन्हा धाव घेतली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा गाडी मागेच घसरायला लागली, तेव्हा त्याने ती आडवी घातली आणि वळवून खाली आणली. वरून धूर येत होता. वाऱ्याबरोबर कुत्र्यांचा आवाज येत होता. ग्लेनिसने तो शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोस्क्यांच्या फाटकाला तीन काळ्या पडलेल्या साखळ्या लटकत होत्या.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरली ती एकाच रूपात: लेस्टर नोस्के घाबरला. गाडी चढत नव्हती हे कुणी मानायलाच तयार नव्हतं. फुटबॉल क्लबच्या बारमध्ये तो उभा राहिला की शेजारचे आपापले ग्लास उचलून दुसऱ्या टोकाला जात. एका शनिवारी मागून कुणीतरी कुत्र्यासारखं भुंकलं. लेस्टर वळला, आणि घरी आला तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता.

"कोण होतं?" ग्लेनिसने विचारलं.

"काय फरक पडतो? सगळेच हसत होते."

ती चुलीवर चॉप्स परतत होती. पाठमोरीच राहून तिने इतके आठवडे पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. "लेस्टर, खरं सांग. तू पाय काढलास का?"

"काय?"

"पेडलवरून. चढणीवर."

"फरशीला टेकवला होता मी पाय. बुटाचा तळ झिजेल इतका दाबला होता."

"मी मागे उभी होते. इंजिन पूर्ण जोरात असलं की कसा आवाज येतो ते मला कळतं. तसा आवाज येत नव्हता."

लेस्टरने खुर्ची मागे सरकवली. फाटक्या ओठामुळे त्याचे शब्द जाड येत होते. "म्हणजे तूसुद्धा."

"मी विचारतेय फक्त."

"नाही, तू सांगतेयस."

त्याच संध्याकाळी त्याने गादी उचलली आणि हंगामात लोकर कातरणारे मजूर राहतात त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन राहिला. तेव्हापासून एका शेतावर दोन चुली झाल्या. मेंढ्यांना औषध पाजायचं असो की कुंपणाची तार ताणायची असो, दोघं शेजारी शेजारी काम करत आणि बोलत ते मेंढ्यांशी.

हिवाळा सरत आला तेव्हा एका सकाळी मर्व्ह पेंगिली फाटकाशी येऊन उभा राहिला. सत्तरीचा माणूस, पण खांदे अजून बैलासारखे. तरुणपणी तो मातीच्या ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्या पळवायचा आणि इतरांच्या गाड्यांची इंजिनं बांधून द्यायचा. फाटक उघडून आत यायची तसदी त्याने घेतली नाही.

"तुझी ती पिकअप माझ्याकडे आणून लाव," तो ग्लेनिसला म्हणाला.

"कशाला?"

"माझं घर टेकडीवर आहे, पाणी तुझ्या टाकीत आहे, आणि गावातला बंब येईपर्यंत माझी राख होते. अजून फोड करून सांगू?"

"तुम्हाला तर आमचं तोंड बघायचं नव्हतं."

"अजूनही नाही. तोंड घरी ठेव, गाडी आण." तो वळला आणि चालता चालता म्हणाला, "आणि भावाला पाठवू नकोस. तो माझ्या फाटकातून आत आला तर मी पान्याने बोलेन."

ग्लेनिसला वाटलं, जाऊ नये. मग पुढचा उन्हाळा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि टाकी रिकामी करून, हलक्या गाडीने ती चढण चढून गेली.

मर्व्हने गाडीभोवती एक फेरी मारली. पिकअप जुनी, पेट्रोलची, चार सिलिंडरची; ओढ फक्त मागच्या दोन चाकांना. पुढे लेस्टरने लावलेलं लोखंडी जाड बंपर, टपावर लोखंडी सांगाडा, चार मोठे दिवे, आणि खाली कमरेला लागतील असे टायर.

"ही पायताणं कुणाची कल्पना?"

"लेस्टरची."

"वाटलंच. पोराच्या पायात राक्षसाचे बूट, डोक्यावर पलंग, आणि वर म्हणायचं पळ." त्याने टायरला लाथ घातली. "मोठं चाक म्हणजे इंजिनाला प्रत्येक फेऱ्याला जास्त ओढावं लागतं. पहिला गिअर दुसऱ्यासारखा होतो. तुझ्या भावाला गाडी मर्दानी दिसायला हवी होती. दिसली. माझी कुत्री मेली."

टायरबद्दल तो खोटं बोलत नव्हता.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस ती दुपारी टेकडीवर जाऊ लागली. मर्व्हला दुसरे दोन हात लागत, आणि गावातल्या कुणाचे हात त्याला चालत नसत; त्याचं कुणाशीच फार पटत नव्हतं. तो तिला चहा विचारत नसे. ती आपला थर्मास घेऊन जाई आणि दारात उभी राहून पिई. एकदा तिने सोबत आणलेला केकचा तुकडा त्याच्या बाकावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, मुंग्या लागलेला.

पण काम तो करत होता, आणि मन लावून करत होता. आधी त्याने बंपर, सांगाडा आणि दिवे उतरवून कोपऱ्यात भिरकावले. कंपनीचे होते त्या मापाचे टायर कुठून तरी पैदा केले. मग चारही सिलिंडरचा दाब तपासला. तिसऱ्यात दम नव्हता.

"व्हॉल्व्ह नीट बसत नाही," तो म्हणाला. "चार मजूर ठेवलेत आणि एक बसून जेवतोय."

त्याने इंजिनाचं डोकं उतरवलं, व्हॉल्व्ह घासून बसवले, सैल पडलेली चेन बदलली. ठिणगी उशिरा पडत होती, ती जागेवर आणली. सायलेन्सर आतून ढासळला होता. तो हातोडीने ठोकला की खुळखुळ वाजे; तोही बदलला. इंजिनाच्या तोंडाशी तापलेली हवा जात होती, म्हणून एक जाड नळी काढून थेट गाडीच्या नाकाशी नेली, म्हणजे बाहेरची थंड हवा मिळेल. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एका मोडीतल्या मालट्रकचा गिअर बसवला; त्याने वेग कमी झाला पण ओढ वाढली.

"ताकद कुठून आणायची नसते," तो एकदा स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "असते ती वाया जाते तेवढी थांबवायची." मग ती ऐकतेय हे लक्षात येऊन म्हणाला, "तो बारा नंबरचा पाना दे. बारा. आकडे तरी शिकवले होते ना नोस्क्यांना?"

मधल्या एका दुपारी असं झालं: मर्व्ह बॉनेटखाली वाकला होता आणि ग्लेनिस आत बसली होती.

"पेडल दाब. पूर्ण."

तिने दाबलं.

"पूर्ण म्हटलं."

"पूर्णच आहे. फरशीला टेकलंय."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर फक्त त्याची वाकलेली पाठ दिसली. बराच वेळ ती हलली नाही.

"सोड. पुन्हा दाब."

तिने पुन्हा दाबलं.

"उतर," तो म्हणाला. "आज पुरे झालं. घरी जा."

पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी तार नवी कोरी होती. तिने विचारलं तर म्हणाला, "जुनी होती." त्या दिवशी त्याने तिला एकही टोमणा मारला नाही. तिला वाटलं, माणसाची तब्येत बरी नसेल.

वसंत अर्धा झाला, गवत पिवळं पडायला लागलं, तेव्हा गाडी तयार झाली. मर्व्ह म्हणाला, टाकी काठोकाठ भर आणि चढणीला घाल. तो शेजारी बसला, दाराच्या कडीला धरून, तिच्याकडे न बघता.

ग्लेनिसने खालून धाव घेतली नाही. साधीच निघाली. पहिल्यात, मग दुसऱ्यात. पहिलं वळण गेलं, तुटका बांध गेला. जिथे त्या दिवशी तीनदा गाडी मेली होती ती जागा आली, आणि तिने पाय खाली दाबला. पेडल खाली जात राहिलं आणि इंजिनाचा आवाज त्याच्याबरोबर वर चढत राहिला, अगदी फरशीपर्यंत. गाडी कुरकुर न करता वर निघाली.

आणि त्या आवाजातच तिला कळलं. हा पूर्ण जोराचा आवाज. त्या दिवशी हा नव्हता, तिचं ऐकणं बरोबर होतं. पण त्या दुपारी शेडमध्ये तिने स्वतःच्या पायाने पेडल फरशीला टेकवलं होतं, आणि बाहेरून मर्व्ह म्हणाला होता, पूर्ण म्हटलं.

तिने टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबवली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"जुन्या तारेला काय झालं होतं?"

"जुनी होती."

"मर्व्ह, काय झालं होतं?"

तो काचेतून समोर बघत राहिला. जळालेल्या शेडचा चौथरा तिथून दिसायचा. "तारेची नळी आधारातून निसटली होती. एक्झॉस्टच्या धगीने वितळून. रोज थोडी थोडी सरकली असेल, चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पेडल तळाला टेकलं तरी हवेचं झाकण निम्मंही उघडत नव्हतं."

"म्हणजे लेस्टरने पाय दाबला होता."

"दाबला होता की नव्हता, बघायला मी गाडीत नव्हतो."

"दाबला असता तर गाडी चढली असती?"

"नसती."

"आणि हे तुम्हाला इतके दिवस माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला तरी शिव्या द्यायला हव्यात ना," मर्व्ह म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सकाळी उठतो, दार उघडतो, अंगावर उड्या मारायला कुणी येत नाही. अशा वेळी काय करू, एका तारेला शिव्या घालू? तुझा भाऊ चांगला होता त्या कामाला."

ग्लेनिस त्याला लहानपणापासून अहोजाहो करत आली होती. आता ते तोंडातून निघेना. "तू अख्खं गाव सोडलंस त्याच्या अंगावर. माणसं त्याच्यावर भुंकली, मर्व्ह. आणि तू गप्प बसून माझ्या गाडीचे स्क्रू पिळत होतास."

"गावाला मी काही शिकवलं नाही. आणि तू गं?" आता त्याने मान वळवली. "तो पत्र्याच्या खोलीत झोपतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला तिथे कुणी घातलं? मी?"

तिने हात लांब करून त्याच्या बाजूचं दार उघडलं. "उतर."

"माझं घर अजून..."

"चालत जा."

तो उतरला. उन्हातून चालत गेला. तिने आरशात एकदाही पाहिलं नाही.

लेस्टर ओढ्याजवळ कुंपणाचे खांब ठोकत होता. ती गाडीतून उतरून त्याच्यापाशी गेली आणि काय सापडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो ठोकत राहिला. खांब पुरेसा खोल गेला, तरी ठोकत राहिला.

"ऐकतोयस ना?"

"मला माहीतच होतं की मी पाय काढला नव्हता. मला नवीन काय सांगतेस?"

"मग तेव्हा अजून जोर देऊन का नाही बोललास?"

"बोललो होतो. फरशीला टेकवला होता म्हणालो होतो. तूच म्हणालीस, तुला आवाज कळतो." त्याने हातोडा खाली ठेवला. "बारमधले गेले खड्ड्यात. ती माणसं मागे उभी नव्हती. तू होतीस."

"चुकलं माझं."

"हो," लेस्टर म्हणाला आणि पुढच्या खांबाकडे गेला.

उन्हाळ्याआधी आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची बैठक गावच्या हॉलमध्ये भरते. ग्लेनिस तिथे गेली ती भांडायच्या तयारीनेच. लेस्टर येणार नाही म्हणाला होता आणि आला नाही. कुणाच्या शेतावर किती पाणी, कुणाचा पंप बिघडलाय, असं सगळं झाल्यावर ती उभी राहिली. "गनर्सच्या चढणीबद्दल मला बोलायचंय."

"आता ते कशाला उकरायचं, ग्लेनिस," मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा एक जण हसला. "भुंकू का?"

"बस खाली," मर्व्ह पेंगिली म्हणाला.

ती म्हणाली, "मी नाही बसणार."

"तुला नाही म्हणालो. त्या भुंकणाऱ्याला म्हणालो." मर्व्ह भिंतीशी उभा होता. टोपी त्याने डोक्यावरून काढली नव्हती. "गाडी मी खोलली. पेडलची तार निकामी होती. आत कुणीही बसला असता, मी बसलो असतो, तरी ती चढली नसती. मला हे काही आठवड्यांपासून माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. झालं."

हॉलमध्ये कप ठेवल्याचे आवाज आले. कुणी काही विचारायच्या आत तो बाहेर पडला. ज्याने भुंकायची भाषा केली होती तो ग्लेनिसला म्हणाला, "अगं, आम्ही मजेत..." ती म्हणाली, "लेस्टरला सांग," आणि तिनेही गाडीची किल्ली उचलली.

पण लेस्टरला सांगायला कुणी आलं नाही. बारमध्ये त्याच्यासाठी बिअर भरून ठेवणारेही निघाले असते कदाचित. तो तिकडे फिरकलाच नाही. नोव्हेंबरात तो लोकर कातरणाऱ्यांच्या एका टोळीबरोबर पश्चिमेकडे निघाला. जाताना मेंढ्यांच्या औषधाचं, विहिरीच्या पंपाचं सगळं समजावून सांगितलं, एखाद्या गड्याला सांगावं तसं.

"परत कधी येणार?"

"बघू."

"लेस्टर."

"बघू म्हटलं ना."

डिसेंबरात, नाताळ तोंडावर असताना, मर्व्हच्या पलीकडच्या शेतात कापणी यंत्राखाली गव्हाच्या काडाने पेट घेतला. ग्लेनिसने धूर पाहिला आणि कुणाच्या फोनची वाट न बघता निघाली. नळी धरायला कुणी नव्हतं. चढणीच्या पायथ्याशी मर्व्ह रस्त्यात उभा दिसला. गावाकडून येत होता, त्याची मोटार कडेला लावलेली. त्याने हात केला नाही. तिने गाडी थांबवली नाही, फक्त हळू केली, आणि म्हातारा मागच्या फळीला धरून वर चढला. टाकीवर त्याची थाप पडली, आणि तिने पाय फरशीपर्यंत नेला.

वाऱ्याने ज्वाळा मर्व्हच्या कुंपणाकडे रेटल्या होत्या. ती आगीच्या जळालेल्या बाजूने गाडी चालवत राहिली आणि तो मागून पाणी मारत राहिला. टपावर मूठ आपटून ओरडायचा, "डावीकडे! आंधळी झालीस का?" तीही खिडकीतून ओरडायची, "आधी नळी सरळ धर!" टाकी संपत आली तोवर दुसऱ्या दोन गाड्या पोचल्या, मग बंब आला. अर्धं शेत गेलं. कुंपणापलीकडे काही गेलं नाही.

मर्व्ह खाली उतरला. भुवया भाजल्या होत्या. तिने थर्मास पुढे केला. त्याने एकदा थर्मासकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं.

"हिवाळा लागला की गाडी आण. पाण्याचा पंप कुरकुरतोय," तो म्हणाला आणि चहा न घेता घराकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तिने लेस्टरला फोन लावला. पलीकडून कातरण्याच्या यंत्रांचा घरघराट येत होता. तिने आगीचं सांगितलं, कोण कोण आलं ते सांगितलं, मागे नळीवर कोण होतं तेही सांगितलं. तो हं-हं करत राहिला. आता तो फोन ठेवणार असं तिला वाटलं.

"चढणीवर कुठला गिअर होता?" त्याने विचारलं.

"दुसरा. पूर्ण टाकी घेऊन."

"वळणावर पहिला टाकावा लागला नाही?"

"नाही."

"बरं," लेस्टर म्हणाला. मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "रविवारी कर फोन. या वेळी आवाज फार असतो."